सुट्टीच्या घरांची सफाई : नवी कामं कुठून मिळतात?

पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांच्या सफाईत नव्याने उतरलेली मंडळी मला बहुतेकदा जाहिरातीबद्दलच विचारतात. पत्रकं वाटू का, पेज काढू का, पहिल्या महिन्यात दर कमी ठेवू का? माझं सांगणं असतं की आधी घरमालक कशाला घाबरतो ते नीट समजून घ्या. ते कळलं की कुणाकडे जायचं आणि काय बोलायचं हे आपोआप सुचतं.

राहत्या घराची सफाई आज राहिली तर उद्या करता येते. इथे ती सोय नाही. साधारणपणे पाहुणे सकाळी 10-11 ला बाहेर पडतात आणि पुढचे दुपारी 3-4 ला दारात येतात. मधल्या चार-पाच तासांत चादरी-टॉवेल बदलायचे, बाथरूम, ओटा, भांडी, कचरा, साबण-टिश्यू भरणं, आणि काही तुटलं-फुटलंय का ते बघणं, सगळं उरकायचं. क्लीनर आलाच नाही तर नवे पाहुणे बॅगा घेऊन आदल्यांच्या पसाऱ्यात उभे राहतात. मालक बऱ्याचदा दुसऱ्या शहरात असतो, त्याला हे फोनवरून कळतं.

शिवाय गुणांचा प्रश्न असतो. एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या साइटवर पाहुणे स्वच्छतेला वेगळे गुण देतात आणि एकूण गुणही देतात. ‘सुपरहोस्ट’ हा तिथला उत्तम घरमालकाचा दर्जा मिळवायला आणि टिकवायला ज्या अटी आहेत, त्यांत एकूण गुणांची सरासरी पाचपैकी किमान 4.8 असावी लागते आणि दर तीन महिन्यांनी ती तपासली जाते. दहापैकी नऊ पाहुण्यांनी पाच दिले आणि एकाने बाथरूममधले केस बघून दोन दिले, तर सरासरी 4.7 वर येते. म्हणजे मालक तुम्हाला पैसे देतो ते नुसत्या चकचकीत फरशीसाठी नाही. घर वेळेत तयार असेल आणि त्याला फोन करून विचारावं लागणार नाही, या खात्रीसाठी देतो. तुमचं बोलणं, तुमचा मेसेज, तुमचा दर, सगळं या खात्रीभोवती असायला हवं.

माझ्या अनुभवात नव्या माणसासाठी सगळ्यात चांगला दरवाजा म्हणजे प्रॉपर्टी मॅनेजर. मालकांच्या वतीने अनेक घरं सांभाळणारी ही माणसं. त्यांच्याकडे ठरलेले क्लीनर असतातच, म्हणून ‘मला काम द्या’ म्हटलं की ‘सध्या गरज नाही’ हेच ऐकू येतं. त्याऐवजी असं लिहा: ‘तुमचा क्लीनर आजारी पडला किंवा एका दिवशी जास्त घरं रिकामी झाली, तर मला फोन करा. मी अमुक भागात असते, शनिवार-रविवार उपलब्ध आहे, चादरींचा जादा सेट जवळ ठेवते.’ हे वाचून कुणी नाही म्हणत नाही, कारण त्यांच्या ठरलेल्या माणसाला तुम्ही हटवत नाही आहात. नंबर सेव्ह होतो. मग गर्दीच्या हंगामात एका सकाळी फोन येतो आणि त्या दिवशी तुम्ही वेळेत पोचलात, काम नीट केलं, की पुढच्या वेळी पहिला फोन तुम्हालाच येतो. माझी टिकलेली बरीच कामं अशीच, कुणाच्या तरी अडचणीच्या दिवशी सुरू झालेली आहेत. मॅनेजरकडून पैसे कधीकधी उशिरा येतात, म्हणून बिल किती दिवसांत चुकतं करायचं हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्या.

एकटे मालक गाठायचे तर नुकतीच सुरू झालेली घरं शोधा. जुन्या घरांची घडी बसलेली असते, नव्या मालकाची बसायची असते. त्याच्यापर्यंत पोचायचा एक मार्ग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: लिस्टिंगचे, म्हणजे साइटवरच्या घराच्या जाहिरातीचे, फोटो काढणारे फोटोग्राफर. पहिला पाहुणा येण्याआधीच ते त्या घरात गेलेले असतात, आणि फोटोंसाठी घर लख्ख हवं ही त्यांचीही गरज असते. तसेच घरं सजवून देणारे, कुलपं बसवणारे, लॉन्ड्रीवाले, प्लंबर, घरखरेदीचे एजंट. यांच्याशी ओळख ठेवा आणि तुम्हीही त्यांना कामं सुचवा. एकतर्फी ओळख फार दिवस चालत नाही.

ऑक्टोबर 2024 पासून एअरबीएनबीने को-होस्टचं जाळं सुरू केलंय. मालकाच्या वतीने घर चालवणारे अनुभवी होस्ट तिथे सापडतात. अशा एका को-होस्टचा विश्वास मिळाला तर त्याच्या हातातली बाकीची घरंही हळूहळू तुमच्याकडे येतात. टर्नोसारखी, आधी टर्नओव्हरबीएनबी म्हणून ओळखली जाणारी, मालक आणि क्लीनर यांची गाठ घालून देणारी ॲपही आहेत. तिथे दरावरून चढाओढ असते, पण सुरुवातीचे रिव्ह्यू मिळवायला आणि बुकिंगच्या कॅलेंडरवरून काम कसं चालतं हे शिकायला ती उपयोगी आहेत.

एक गोष्ट मात्र करू नका. पाहुणा असल्याचं दाखवून लिस्टिंगवरून मालकाला ‘मी सफाई करते’ असा मेसेज टाकू नका. असा प्रचार साइटच्या नियमांत बसत नाही आणि मालकही चिडतो. आणि कुणाचे वाईट रिव्ह्यू वाचून ‘तुमच्याकडे घाण असते म्हणे’ अशी सुरुवात तर अजिबात नको. रिव्ह्यू जरूर वाचा, पण शिकण्यासाठी. पाहुणे पुन्हा पुन्हा काय लिहितात? मोरीच्या जाळीतले केस, सोफा-कम-बेडच्या फटीतले कण, फ्रिजमधला वास, चिकट रिमोट. तुमची चेकलिस्ट त्यातून बनवा.

चाचणीसाठी एखादं घर मिळालं की सफाईइतकंच लक्ष रिपोर्टकडे द्या. मी निघताना प्रत्येक खोलीचा दारातून एक फोटो काढते, मग जवळून काही: उशीचे अभ्रे, बेसिनची जाळी, मायक्रोवेव्ह आतून, पलंगाखालची जागा. खाली दोन ओळी लिहिते: घर तयार आहे, डिशवॉशरच्या गोळ्या संपत आल्यात, बेडरूमच्या पडद्याचा दांडा एका बाजूने वाकलाय. त्या दांड्याचा फोटो आत शिरल्याबरोबर काढलेला असतो, काहीही हलवण्याआधी. याचं कारण आहे. पाहुण्याने केलेल्या नुकसानीची भरपाई एअरबीएनबीकडे मागायची तर मालकाला पाहुणा निघाल्यापासून 14 दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि पुरावा तर लागतोच. त्याच दिवशी हाती आलेला फोटो मालकासाठी पैशांच्या मोलाचा असतो. नव्या ग्राहकाला भेटायला जाताना असा एक नमुना रिपोर्ट दाखवा, अर्थात घराचा पत्ता आणि ओळखीच्या खुणा काढून. दहा मिनिटं स्वतःची स्तुती करण्यापेक्षा तो जास्त बोलतो.

दराबद्दल थोडक्यात. घर बघितल्याशिवाय आकडा सांगू नका. तासावर न घेता घरामागे ठरावीक दर घ्या, कारण मालकाला पाहुण्याकडून घ्यायचं सफाईशुल्क आधीच ठरवायचं असतं. बेड किती, कपडे कोण धुणार, सामान कोण भरणार, पाहुणा उशिरा निघाला तर काय, बुकिंग रद्द झालं तर काय, हे लिहून घ्या. तुमच्या हातून काही मोडलं तर भरपाई देणारा विमा असेल तर तो आवर्जून सांगा, मोठे मॅनेजर त्याची चौकशी करतात. केवळ स्वस्त म्हणून आलेला ग्राहक आणखी स्वस्त कुणी भेटलं की जातो.

कामं येऊ लागली की नवी अडचण उभी राहते. सगळी घरं एकाच दिवशी, एकाच वेळी रिकामी होतात. म्हणून लांबलांबची पाच घरं घेण्यापेक्षा चालत जाता येईल अशी तीन घ्या. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या रस्त्यावर काम करताना आणखी मालक भेटतात, त्यामुळे विस्तारही तिथेच होतो. हातात माणसं नसताना रविवारचं काम स्वीकारू नका, समोरचा कितीही चांगले पैसे देत असला तरी. ‘या रविवारी मला जमणार नाही, पण अमुक ताई नीट काम करतात, त्यांना विचारा’ असं सांगा आणि त्या ताईंना आधी फोन करा. त्यांचा रविवार भरला की त्या तुमचं नाव सांगतात.