फ्रेंच आडनावात लपलेलं झाड कसं शोधायचं

घोडबंदर रोडवरची वडवली किंवा ऐरोलीजवळचा चिंचपाडा उलगडून सांगावा लागत नाही. फ्रेंच आडनावांत झाड असतंच, पण जुन्या स्पेलिंगच्या आड. ठाणे-नवी मुंबईत कॉलेजला फ्रेंच घेतलेल्यांनी प्रोजेक्टसाठी ते असं शोधावं.

आधी सुरुवातीचं 'द्यु' किंवा 'दला' बाजूला काढा. हे आपले चा-ची. द्युफ्रेन (Dufresne) मधून उरतो फ्रेन, म्हणजे अ‍ॅश वृक्ष. (मराठी नाव शोधत बसू नका, अ‍ॅशच लिहा.) मात्र 'द्यु'पुढे झाडच येतं असं नाही. द्युमामधला 'मा' म्हणजे शेतावरचं घर.

शब्दकोशात शब्द सापडत नाही, कारण आडनावात मुका 'एस' राहून गेलेला असतो. फ्रेंच अकादमीने 1740च्या कोशात असे बरेच 'एस' काढून स्वरावर टोपी (^ ही खूण) चढवली, आडनावं मात्र जुनीच राहिली. म्हणून 'एस' गाळून, स्वरावर टोपी देऊन शोधा.

मग शेवट बघा. लॅटिन 'एतुम' म्हणजे राई. आंब्यांची आमराई, तशी फ्रेनची फ्रेने, ऑल्डरची ओने, अ‍ॅस्पेनची त्राँब्ले. उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीकडे हाच शेवट 'उआ' होतो, जसं रुव्रुआ, ओकची राई. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एपेर्ने या गावाच्या नावाचा शेवटही 'ए'च, पण त्याचं जुनं रूप स्पार्नाकुम. 'आकुम' हा गावांच्या नावांत येणारा वेगळाच प्रत्यय, राईशी त्याचा संबंध नाही. जुनं लॅटिन रूप पाहिल्याशिवाय झाड ठरवू नका.

प्रदेशही नावातच असतो. ओकवरून पॅरिसकडे द्युशेन, नॉर्मंडी-पिकार्डीत 'श'चा 'क' होऊन द्युकेन, दक्षिणेत कासान्य. पडताळायला जेओपात्रोनिम (Geopatronyme) या संकेतस्थळावर पूर्ण आडनाव टाका, 'द्यु' न काढता. जन्मनोंदींचे चार कालखंडांचे नकाशे मिळतात. 1891 ते 1915 घ्या. पुढे लोक शहरांकडे सरकत गेले, त्यामुळे नकाशा पसरट होतो. नकाशावरून मूळ प्रदेशाचा अंदाज येतो, मूळ गाव ठरत नाही. फ्रेने नावाची गावं कितीतरी आहेत.

देवनागरीत उच्चार लिहा, स्पेलिंग नको. भिंगवाला शास्त्रज्ञ फ्रेनेल, फ्रेस्नेल नव्हे.