वाघोलीतला रिसेल फ्लॅट: टोकन घेण्याआधी

फ्लॅट विकायला आला की मी आधी किल्ली मागत नाही, मंजूर नकाशा मागते. विक्रेता म्हणतो, "अहो मॅडम, दहा वर्षं घरपट्टी भरतोय!" घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत, हा समज आपल्याच एजंट लाइनीतल्या लोकांनी पसरवलाय.

मी ठेच लागून शिकले. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, नमुना 8 (ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा) विक्रेत्याच्या नावावर, पावत्या चोख. टोकन घेऊन मोकळी झाले. बँकेच्या व्हॅल्युअरने नकाशा उघडून बोट ठेवलं: पार्किंग अधिक चार मजले. आमचा पाचवा मजला कागदावर नव्हताच. कर्ज नामंजूर, टोकन परत, आणि खरेदीदाराच्या आईने फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून पहिला प्रश्न ठरलेला: नकाशा मंजूर झाला तेव्हा इथे कारभार कोणाचा होता? वाघोली पुणे महापालिकेत आली 2021 मध्ये. त्याआधी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेशाची नियोजन संस्था), तीही 2015 ची. त्याहून जुन्या इमारतींची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बिनशेती आदेशासोबत शोधावी लागते. गंमत म्हणजे गाव पालिकेत आलं तरी नियोजनाचं काम पीएमआरडीएकडेच सोपवलं गेलं होतं. कर एका ऑफिसात, नकाशा दुसऱ्यात. चुकीच्या खिडकीवर दोन दिवस घालवायचे नसतील तर आधी मंजुरीची तारीख बघा. अख्ख्या सोसायटीला फक्त ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा नकाशा असेल तर मी ते काम घेतच नाही.

नकाशात मजले मोजा, फ्लॅट नंबर जुळवा. ओपन टेरेस दाखवलंय आणि तिथे बेडरूम उभी आहे का, तेही बघा. भोगवटा पत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) पूर्ण वाचा. कधीकधी ते 'ए' विंगपुरतंच असतं आणि आपला फ्लॅट 'बी'त.

मग नोंदणी विभागाच्या ई-सर्च साइटवरून इंडेक्स 2 (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा) काढा. आधीची सगळी खरेदीखतं साखळीसारखी लागली पाहिजेत. सातबाऱ्यावर अजून जुन्या जमीनमालकांची नावं दिसली तर घाबरू नका, बऱ्याच सोसायट्यांचं अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालेलंच नसतं. पण खरेदीदाराला ते आधी सांगा. 'इतर हक्क'मध्ये बोजा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कराची थकबाकी मिळकतीला चिकटते, माणसाला नाही. म्हणून चालू बिल आणि थकबाकी नसल्याचा दाखला टोकनआधीच.

नोंदणीचा खर्च तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. पालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर 6. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000 रुपये. शुल्क रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) आणि व्यवहाराची रक्कम यांतल्या मोठ्या आकड्यावर. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आयकर) कापायचा. ऐन वेळी विक्रेता यावरच भांडतो, म्हणून हेही आधीच लिहा. सही झाल्यापासून दस्त चार महिन्यांत नोंदणीला गेला पाहिजे.

नोंदणी झाली की पेढे वाटून सगळे पांगतात. करावरचं नाव मात्र जुनंच राहतं. इंडेक्स 2 घेऊन मीच अर्ज टाकते, आणि कमिशनचा शेवटचा हप्ता नव्या नावाचं बिल हातात आल्यावरच मागते.