खरे असले तरी सांगावे का?

रविवारची उपासना आटोपल्यावर नागपूरच्या सदर भागात तर्री पोह्यांच्या प्लेटांभोवती घोळका जमतो, तेव्हा कुणाच्या तरी घरची गोष्ट निघतेच, आणि कुणी अडवलेच तर उत्तर ठरलेले असते : "मी काय खोटे सांगतो का?" जिभेला आवर घालू पाहणाऱ्याने आधी हे उत्तर सोडावे. बायबलमधील लेवीय १९:१६ हे वचन चहाड्या सांगत फिरण्यास मनाई करते. यहुदी परंपरेत खोटा आळ घेण्याला 'मोत्सी शेम रा' असे वेगळे नाव असून, खरी असूनही दुसऱ्याला कमीपणा आणणारी गोष्ट सांगणे हा 'लाशोन हारा' म्हणून स्वतंत्र दोष मानला जातो.

तक्रार खरी असेल, तर मत्तय १८:१५ प्रमाणे ज्याने दुखावले त्याच्याकडे एकट्याने जावे. आपण बहुधा उलट करतो : साऱ्या मोहल्ल्याला कळते, त्याला सोडून.

खरी कसोटी लागते ती स्थळाच्या चौकशीत. जरीपटका वस्तीतून कुणी फोन करून तुमच्या गल्लीतल्या मुलाविषयी विचारले, तर गप्प बसावे की बोलावे? रब्बी (यहुदी धर्मगुरू) इस्राएल मेईर कागन यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या 'हाफेत्स हाईम' या ग्रंथात अशा बोलण्याला वाव आहे, पण अटी कडक आहेत : गोष्ट स्वतः पाहिलेली किंवा नीट पडताळलेली असावी, तिखटमीठ लावू नये, हेतू समोरच्याच्या हिताचा असावा, जुना हिशेब चुकवण्याचा नसावा, आणि न बोलता काम भागत असेल तर बोलू नये. म्हणून मुलगा मारहाण करतो हे तुम्ही पाहिले असेल, तर विचारणाऱ्याला तेवढेच सांगावे. लेवीयाच्या त्याच वचनाचा उत्तरार्ध शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहू देत नाही. त्याची आई खाष्ट आहे, हे मात्र तुमचे मत झाले. ते पोटातच राहू द्यावे.

ऐकणाराही सुटत नाही. निंदेने बोलणारा, ऐकणारा आणि जिच्याविषयी बोलले जाते ती व्यक्ती, अशा तिघांचा घात होतो, असे तालमूद हा यहुदी धर्मग्रंथ सांगतो. मध्ययुगीन यहुदी पंडित मायमोनिदीस तर ऐकून खरे मानणाऱ्याला बोलणाऱ्याहून अधिक दोषी ठरवतात. वडीलधाऱ्यांना तोंडावर थांबवणे आपल्याकडे जड जाते, हे खरे. अशा वेळी "काकू, हे त्यांनाच विचारले का?" एवढे नम्रपणे म्हणावे किंवा विषय बदलावा. लाकडे संपली की आग विझते, हे नीतिसूत्रे २६:२० चे निरीक्षण घरगुती आणि अचूक आहे.

एवढे करूनही बोलून गेलोच, तर ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्याचपुढे दुरुस्ती करावी. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला संदेश नुसता पुसू नये, कारण तोवर तो वाचला गेलेला असतो; त्याच ग्रुपमध्ये "मी पडताळणी न करता हे पाठवले होते" असे लिहावे, आणि ते लिहिताना मूळ गोष्ट पुन्हा सांगू नये.