दोन फिरकीपटू, एक जागा: निवडीचं टिपण करायला शिकताना

संघनिवडीच्या विश्लेषणात नव्याने आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘दोघांत मोठा बॉलर कोण?’ हाच. तो बाजूला ठेवा. राष्ट्रीय संघाच्या दारात पोचलेले दोघंही चांगलेच असतात. या मैदानावर, या बॉलने, समोरच्या संघाच्या वीस विकेट काढायला बाकीच्या चार बॉलरांना जोड कोणाची हवी, एवढंच बघायचं.

सुरुवात आकड्यांपासून, पण ते फोडून. समजा, ‘अ’च्या ४० विकेट १००० धावांत, म्हणजे सरासरी २५. ‘ब’च्या ४० विकेट ११२० धावांत, सरासरी २८. ‘अ’ सरस वाटतो. आता मायदेश-परदेश वेगळं करा. ‘अ’ने घरी ६०० धावांत ३० घेतल्या आणि बाहेर ४०० धावांत १०, म्हणजे घरी २०, बाहेर ४०. ‘ब’ दोन्हीकडे २८. परदेश दौऱ्याला कोण, हे सांगायला नको. मात्र बाहेरच्या दहाच विकेटवर निकाल देऊ नका, त्या कशा मिळाल्या ते व्हिडिओत बघा. कसोटीच्या निवडीत आयपीएलचे आकडे तर मिसळूच नका. चार षटकांचं काम वेगळं, दिवसाला पंचवीस षटकं एक बाजू लावून धरणं वेगळं.

खरी मेख रफमध्ये, म्हणजे बॉलरांच्या पावलांनी उखडलेल्या खेळपट्टीच्या भागात असते, आणि नवखे नेमके तिथेच चुकतात. ‘समोर डावखुरे जास्त, म्हणून ऑफस्पिनर (उजव्याला आत, डावखुऱ्याला बाहेर बॉल वळवणारा)’ हे सूत्र अर्धंच आहे. उजव्या हाताचे वेगवान बॉलर ओव्हर द विकेट टाकतात तेव्हा त्यांच्या फॉलो-थ्रूने, म्हणजे बॉल सोडल्यावर पुढे पडणाऱ्या पावलांनी खेळपट्टी डावखुऱ्याच्या ऑफस्टंपबाहेर, म्हणजेच उजव्याच्या लेगस्टंपबाहेर उखडते. तिथे पडलेला ऑफस्पिनरचा बॉल डावखुऱ्यापासून आणखी लांब जातो आणि बऱ्याचदा कड न घेताच निघून जातो. डावखुऱ्या फिरकीपटूचा मात्र तिथूनच आत, स्टंपकडे वळतो. २०२१ मध्ये इंग्लंडविरुद्ध ओव्हलवर भारताचे चारही वेगवान बॉलर उजव्या हाताचे होते आणि संघात ऑफस्पिनर अश्विन नव्हे, डावखुरा फिरकीपटू जडेजा होता. शेवटच्या दिवशी ६३ वर खेळणाऱ्या उजव्या हमीदला जडेजाने लेगस्टंपबाहेरच्या रफमधून वळवून त्रिफळाचीत केलं, मग मोईन अलीला शॉर्ट लेगला झेलबाद. म्हणून आधी आपले वेगवान बॉलर कोणत्या हाताचे ते लिहा, मगच फिरकीपटूचं नाव.

पुण्याची २०२४ ची कसोटी याहून मजेशीर. न्यूझीलंडच्या डावखुऱ्यांकडे बघून डावखुऱ्या मनगटी फिरकीपटू कुलदीपच्या जागी ऑफस्पिनर वॉशिंग्टन सुंदर आला, अशी चर्चा होती. पहिल्या डावात त्याने ५९ धावांत ७ घेतल्या, त्यातले चार उजवे! पाच तर त्रिफळाचीत. आखलेलं कारण आणि मिळालेलं यश जुळतंच असं नाही. टिपणात दोन्ही वेगवेगळी नोंदवा. (भारत तो सामना हरलाच, हेही नोंदवा.)

फलंदाजीचा मोह सांभाळा. आठव्या क्रमांकाच्या वीस जादा धावांसाठी बॉलर बदलायचा असेल, तर त्या बदल्यात किती विकेट जातील हा हिशेब त्याच पानावर हवा. हवेचा मोहही तसाच. २०२३ च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात भारताने ढगाळ हवा बघून चार वेगवान बॉलर घेतले आणि क्रमवारीत अव्वल असलेला अश्विन बाहेर बसला. पहिल्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया ३ बाद ३२७. सकाळची हवा पाच दिवस टिकत नाही, अंदाज पाचही दिवसांचा काढा.

आणि दौऱ्याचा चमू निवडताना एकाच फिरकीपटूवर थांबू नका. २०२४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पर्थला सुंदर, ॲडलेडला अश्विन, ब्रिस्बेनला जडेजा, असे तीन कसोट्यांत तीन फिरकीपटू खेळले. ही मुभा दौऱ्याआधीच निवड समितीने ठेवलेली असावी लागते. अंतिम अकरा ठरवणाऱ्या कर्णधार-प्रशिक्षकांच्या हाती तेव्हा फक्त चमूतली नावं असतात.