सोयाबीन काढणीच्या दिवसांत ढगांचा फोटो पाहावा की रडार?

सोयाबीनची पानं गळाली, शेंगा वाळल्या, मजूर ठरले आणि नेमकं त्याच सकाळी गावाच्या ग्रुपवर कुणीतरी उपग्रहाचा फोटो टाकतं. अख्खा मराठवाडा पांढराफटक. काढणी थांबते, मजूर दुसऱ्याच्या वावरात निघून जातात आणि दिवसभरात थेंबही पडत नाही. चार दिवसांनी उलट घडतं. सकाळच्या फोटोत काहीच नसतं आणि दुपारी तीनला कापून टाकलेलं पीक भिजतं. परतीच्या पावसात हा फटका दरवर्षी बसतो. फोटो खोटा नसतो, पण तो नक्की काय दाखवतो हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

इन्सॅट-३डी मालिकेच्या उपग्रहांचा जो फोटो रात्रीही दिसतो, तो इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त किरणांचा असतो. प्रत्येक वस्तू आपली उष्णता या किरणांतून बाहेर टाकत असते आणि उपग्रह ती वरून टिपतो. या किरणांची तरंगलांबी 10 ते 12 मायक्रोमीटर, म्हणजे साधारण ढगातल्या बारीक थेंबाएवढीच. म्हणून जाड ढग त्यांना अडवून धरतो. उपग्रहाला दिसतो तो फक्त ढगाचा माथा आणि त्या माथ्याचं तापमान. माथा जितका थंड, तितका फोटो पांढरा. खाली पाऊस आहे की नाही, हा नुसता अंदाज.

इथेच फसगत होते. गडगडाटी ढग वर चढून ऐरणीसारखा पसरतो. खालचा पाऊस संपला तरी ती बर्फाच्या कणांची ऐरण तासन् तास तरंगत राहते, माथा थंडच असतो, फोटो पांढराच येतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर याच्या नेमकं उलट. तिथे पावसाळ्यात कमी उंचीचे ढगही डोंगराला अडून धो धो कोसळतात, पण त्यांचा माथा फारसा थंड नसल्यामुळे फोटोत नुसती करडी छटा दिसते.

रडारचं काम वेगळं. ते स्वतः मायक्रोवेव्ह म्हणजे सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतं. मुंबईत कुलाब्याला आणि नागपूरला जी एस-बँड रडारं आहेत, त्यांची लहर सुमारे 10 सेंटिमीटर लांब असते. ढगातले बारीक थेंब तिच्यापुढे इतके चिमुकले की ती त्यांच्यातून आरपार जाते. पावसाचा थेंब मात्र तिला जाणवतो, आणि थेंब दुप्पट मोठा झाला की त्याचा प्रतिध्वनी 64 पट होतो. म्हणून रडारच्या चित्रात ढग नव्हे, पाऊस दिसतो. आकडे डीबीझेडमध्ये, म्हणजे प्रतिध्वनीच्या जोराच्या मापात असतात. 20 च्या आसपास भुरभुर, 40 च्या पुढे जोरदार सर, 55 च्या पुढे गारांची शक्यता धरा.

रडारच्या लहरींनी ढग विरतात, असं पारावर अजूनही ऐकू येतं. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची लहर 12 सेंटिमीटरची, म्हणजे रडारच्या जवळचीच, हे खरं. पण ओव्हनमध्ये ती ऊर्जा एका बंद लोखंडी पेटीत कोंडलेली असते. रडार क्षणाचाही छोटा अंश लहर सोडतं आणि उरलेला सगळा वेळ ऐकत बसतं. काही घनकिलोमीटरच्या ढगाला त्यानं काहीही होत नाही. कृपा करून हा गैरसमज पुढे पाठवू नका.

आता प्रत्यक्ष वापर. सकाळी उपग्रहाचा फोटो पाहून दिवस कसा जाईल याचा अदमास घ्या, पण दुपारी बारानंतर हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपमध्ये रडार उघडा आणि एक चित्र न पाहता मागची तीन-चार चित्रं ओळीनं पाहा. समजा सर 40 किलोमीटरवर आहे आणि अर्ध्या तासात 15 किलोमीटर तुमच्याकडे सरकली, तर हातात साधारण सव्वा तास आहे. तेवढ्यात कापलेलं गोळा करून झाकता येतं, नवीन कापणी मात्र सुरू करू नका. द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीची (केवडा या बुरशीजन्य रोगाची) फवारणी ठरवतानाही हाच हिशोब लावा.

रडारलाही मर्यादा आहे. किरण सरळ जातो, जमीन खाली वळते. लातूर-नांदेड हैदराबादच्या रडारपासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहेत. तिथवर पोहोचेपर्यंत किरण जमिनीपासून चार-पाच किलोमीटर वर गेलेला असतो, म्हणून कमी उंचीची सर निसटते. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात ढग डोक्यावरच तयार होतो, कुठून सरकत येत नाही. तेव्हा चित्र स्वच्छ असलं तरी ताडपत्री वावरातच असू द्या. गंजी किंवा सुडी उंचवट्यावर, खाली काटक्यांचा थर देऊन रचा आणि ताडपत्रीच्या कडा माती-दगडांनी दाबा. वीज कडाडू लागली की ताडपत्रीच्या मागे न धावता आधी माणसांना पक्क्या घरात न्या, झाडाखाली थांबू देऊ नका. विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये वेगळं ठेवा.