घरच्या घरी हॉकीचे ड्रिबलिंग कसे पक्के करावे

ड्रिबलिंगला मैदान लागत नाही. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद मोकळी जागा पुरते, कारण सगळी करामत डाव्या मनगटाची असते. हॉकीत स्टिकच्या गोल पाठीने चेंडू खेळला की फाऊल, त्यामुळे चेंडू डावीकडून परत उजवीकडे आणायचा तर स्टिक उलटावीच लागते. ही झटपट उलटापालट म्हणजेच इंडियन ड्रिबल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमात बसत नाही, त्यांनीही असेच शिकायचे.

१. जागा आणि चेंडू
खरा चेंडू टणक, 156 ते 163 ग्रॅमचा. घरातल्या फरशीवर तो हाताबाहेर जातो आणि खालच्या मजल्यावरचे दार वाजवायला येतात. घरात टेनिस बॉल वापरा. नवा फार उसळतो, क्रिकेट खेळून लव झडलेला बरा. गच्चीवर खरा चेंडू चालेल, पण कोब्यावर स्टिकचे डोके घासते. तिथे जुनी स्टिक घ्या. सतरंजी नको, सुरकुतीवर चेंडू अडतो.

२. पकड
इथे घाई करू नका. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला, उजवा ग्रिप संपते तिथे. फिरवायचे काम फक्त डाव्याचे. उजव्याने नुसता आधार द्यायचा. नेमका हाच उजवा हात आवळला जातो, मग स्टिक अर्धीच फिरते आणि चेंडूला पाठ लागते.

यावर सोपा उपाय: टिश्यू रोलमधली पुठ्ठ्याची नळी वरून ग्रिपवर सरकवा आणि उजव्या हाताने नळीच धरा. स्टिक आतल्या आत फिरायला हवी. नळी चुरगळली, तर चूक कुठे आहे ते दिसलेच.

३. चेंडूशिवाय 50 वेळा
सपाट बाजू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. स्टिकच्या डोक्याचे टोक आधी पुढे, उलटल्यावर तुमच्या पायांकडे.

४. चेंडूसह
खडूने 30 सेंटिमीटर अंतरावर दोन उभ्या रेघा मारा. पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे वाकवा, चेंडू उजव्या पायापुढे साधारण दीड फुटावर ठेवा. डावीकडे ढकला, स्टिक चेंडूवरून पलीकडे न्या, उलट्या बाजूने परत आणा. 30 सेकंद खेळ, 30 सेकंद विश्रांती, असे सहा वेळा.

जोरात टक-टक वाजत असेल, तर तुम्ही चेंडू ढकलत नाही, मारताय. चेंडू सारखा पुढे पळत असेल, तर सपाट बाजू पुढे उघडी पडतेय. ती किंचित चेंडूवर झुकवा. चेंडू पायाजवळ आला की स्टिकला जागा उरत नाही. कंबर भरून आली, तर गुडघ्यांऐवजी पाठ वाकतेय.

५. बाटल्या
पाणी भरलेल्या पाच बाटल्या 60 सेंटिमीटर अंतराने मांडा आणि मधून नागमोडी जा. रिकाम्या नकोत, चेंडूऐवजी बाटल्याच गोळा कराल.

६. नजर वर
सामन्यात चेंडूकडे बघत राहिलात की चेंडू गेलाच. टीव्हीवर बातम्या लावा, आवाज बंद करा आणि ड्रिबल करता करता खाली सरकणारी पट्टी मोठ्याने वाचा. पहिल्या दिवशी एक ओळही धड होणार नाही. पट्टी न अडखळता वाचता आली, की पुठ्ठ्याची नळी काढून टाका.