सिनाईच्या मठात हस्तलिखितं बघायला जायचंय? आधी पत्रांचं बघा

सिरियाक भाषा (पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) शिकून झाल्यावर आमच्या चार जणांच्या टीमला इजिप्तमधल्या सिनाईतल्या सेंट कॅथरिन मठात जायचं होतं, आणि सगळ्यात जास्त वेळ गेला तो पत्रव्यवहारात, म्हणून नवीन लोकांसाठी लिहून ठेवतेय.

पहिली चूक आमचीच. इजिप्त म्हणजे कॉप्टिक चर्च (तिथल्या बहुतेक ख्रिश्चनांचं चर्च) असं धरून आम्ही त्यांच्याकडून शिफारसपत्र मिळवायला दोन महिने घालवले. पण हा मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स, स्वतःचा कारभार स्वतः बघणारा. मठाचा प्रमुख तोच सिनाईचा आर्चबिशप, त्याला निवडतात तिथलेच फादर, जेरुसलेमचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख, फक्त अभिषेक करतात. तेव्हा अर्ज थेट आर्चबिशपच्या नावाने, ग्रीकमध्ये, आणि कुठली हस्तलिखितं, कशासाठी, किती दिवस हे नंबरासकट. नुसतं 'संशोधनासाठी' लिहून काही होत नाही.

दूतावासाचं काम वेगळं. विद्यापीठाचं पत्र घेऊन कैरोतल्या आपल्या दूतावासाला लिहा, ते पुढे इजिप्तच्या खात्यांना कळवू शकतात, आणि सिनाईत जागोजाग चेकपोस्ट असतात तिथे असा कागद जवळ असलेला बरा. मात्र हे पत्र मठाला दबाव म्हणून कधीच दाखवू नका, हे मी कळकळीने सांगतेय, कारण त्यामागे जुनी जखम आहे. टिशेनडॉर्फ हा जर्मन बायबल-अभ्यासक १८५९ मध्ये रशियाच्या झारचा पाठिंबा घेऊन आला, कोडेक्स सिनायटिकस हे चौथ्या शतकातलं बायबल उसनं नेलं, मागितल्यावर परत देऊ अशी पावती लिहून दिली, राजदूताचं हमीपत्रही होतं. परत आलं नाही. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने ते ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकलं. बाहेरून राजदूताचं पत्र घेऊन आलेल्या माणसाकडे मठात जपून बघतात ते उगाच नाही.

याउलट १८९२ मध्ये अ‍ॅग्नेस स्मिथ लुईस ही ब्रिटिश अभ्यासक आणि तिची जुळी बहीण मार्गारेट आल्या त्या ग्रीक बोलत आल्या, आणि त्याच फेरीत अ‍ॅग्नेसला नंतरच्या मजकुराखाली खरवडून पुसलेली जुनी सिरियाक शुभवर्तमानं सापडली. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं. १९५० ची मोहीम तर मोठीच, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि अलेक्झांड्रियाचं विद्यापीठ मिळून, जवळपास ३३०० पैकी १६८७ हस्तलिखितांची मायक्रोफिल्म. त्यातलं बरंच आता ऑनलाइन आहे, ते आधी बघा, कारण जे घरी बसून वाचता येतं त्यासाठी मूळ प्रत मागितली की अर्ज तिथेच कमकुवत होतो.

अजून एक, २०२५ मध्ये मठाच्या जमिनीच्या मालकीवर इजिप्तच्या कोर्टाचा निकाल आला आणि अथेन्स-कैरोमध्ये बरीच धावपळ झाली. पत्रात किंवा जेवणाच्या टेबलावर त्यावर मत देऊ नका, दोन्हीकडची माणसं अडचणीत येतात.

आम्ही अर्जातच लिहून दिलं होतं की प्रत्येक फोटोची प्रत मठाकडे राहील आणि परवानगीशिवाय काही छापणार नाही. आम्ही सहा हस्तलिखितं मागितली होती, चार मिळाली. एकाची पानं फार नाजूक झालीत असं सांगितलं, दुसऱ्याचं कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.